सवाष्णींचं औषध

माझ्या आत्याला क्षय झाला तेव्हा त्यावरचं औषध निघालेलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या काळात क्षयाने गेलेल्या माणसाचा विषय निघाला की लोक "तेव्हा औषधं कुठे होती हो" असं म्हणून मोकळे होतात. औषध होतं. परदेशातून बोटीने मुंबईला यायचं, इवल्याशा बाटल्यांतून, पांढरी भुकटी भरलेलं. ते पाण्यात विरघळवून टोचायचं, आणि अंथरुणाला खिळलेली माणसं उठून बसायची. अंधेरीच्या आमच्या डॉक्टरांनी मला हे सगळं नीट समजावून सांगितलं आणि मग म्हणाले, "पण ते माझ्याकडे नाही गं. सरकारी इस्पितळात नाव घालून ठेव, नंबर लागेल तेव्हा लागेल. काळ्या बाजारातलं तुला परवडायचं नाही."

"मग आहे कुणाकडे?"

"शेठकडे," ते म्हणाले.

पन्नासनंतरची पहिली काही वर्षं होती ती. अंधेरीला स्टेशनच्या पूर्वेला एका बैठ्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या, आणि त्या दोन खोल्यांत आम्ही दोघी. आई मला आठवत नाही. वडील मी शाळेत असताना गेले. आत्या त्यांची धाकटी बहीण. परकर-पोलक्यात तिचं लग्न झालं आणि परकर-पोलक्यातच ती विधवा झाली. मोठ्या तापाच्या साथीत नवरा गेला, सासरच्यांनी तिला परत आणून घातली, आणि वडिलांनी तिचे केस कापू दिले नाहीत, एवढी एक गोष्ट तिच्या बाजूने घडली. पुढे मला वाढवायचं काम तिच्या गळ्यात पडलं. ती ते कुरकुर न करता करत असे असं मी म्हणणार नाही. भरपूर कुरकुरायची. तोंडाची तिखट होती. पण मी रात्री अभ्यासाला बसले की तीही मशीन पुढे ओढून शिवत बसायची, मला एकटीला जागं राहावं लागू नये म्हणून.

शिवणावरच आमचं घर चालायचं. जवळच्या स्टुडिओतून तिला सिनेमातल्या बायकांच्या चोळ्या शिवायला यायच्या. भरजरी कापडं, लग्नाचे शालू, नऊवारीवरची झंपरं. स्वतः आयुष्यभर करड्या लुगड्यात वावरलेली बाई दुसऱ्यांच्या नवऱ्या सजवत असे. मला ते गंमतीचं वाटायचं, तिला वाटत नसावं.

खोकला सुरू झाला आणि चाळ आमच्यापासून हळूहळू सरकली. कुणी तोंडावर काही बोललं नाही. शेजारणी वाटी-डाव मागायच्या बंद झाल्या. मुलं आमच्या दारावरून जाताना नाकाला सदऱ्याची बाही लावून पळायची. नळावर आमची घागर सगळ्यांच्या शेवटी लागू लागली, आणि ती भरताना बाकीच्या बायका लांब उभ्या राहून आमच्याशी फार गोड बोलायच्या. तो गोडवा मला जास्त लागायचा. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. स्टुडिओतून कापड यायचंही बंद झालं, कारण कुणा बाईला खोकणाऱ्या शिंपिणीची चोळी अंगात घालायची नव्हती. मी तेव्हा मॅट्रिक होऊन टायपिंग शिकत होते, तिथेही मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर माझ्या शेजारची खुर्ची रिकामी झाली असती.

शेठविषयी आता सांगते. तो कोकणातला. पायात वहाण नसताना मुंबईला आला असं लोक कौतुकाने सांगायचे. लढाईच्या काळात लाकडाच्या ठेक्यांवर त्याने असा पैसा केला की पुढे गिरण्या काय, बोटी काय, त्याला काही कमी पडलं नाही. घाटकोपरला त्याचा बंगला होता. त्याची बायको क्षयाने गेली, आणि ती गेल्यावर थोड्याच काळात हे नवं औषध मुंबईला आलं. ही चुटपुट त्याला लागून राहिली. म्हणून त्याने बंगल्याशेजारीच बायकोच्या नावाचा दवाखाना काढला. परदेशात त्याची माणसं होती, दिल्लीत ओळखी होत्या, परवाने त्याच्या खिशात. ज्या बाटल्यांसाठी मोठमोठी इस्पितळं ताटकळत बसायची त्या शेठच्या दवाखान्यात काचेच्या कपाटात ओळीने लावलेल्या असत, आणि एक पैसा न घेता टोचल्या जात.

फक्त सवाष्णींना.

बायको सवाष्ण गेली होती. आपल्याकडे त्याला भाग्याचं मरण म्हणतात. शेठला ते भाग्य काही पटलं नाही. नवरा जिवंत असताना एकही बाई या रोगाने जाता कामा नये, असा त्याने तिच्या चितेसमोर पण केला होता म्हणे. डॉक्टरांनी मला हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, "आणि बाकीच्यांनी काय करायचं?"

"बाकीच्यांनी दुसरा शेठ शोधायचा," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

यावर युक्ती ज्याने काढली तो स्टुडिओतला कपडेपटाचा माणूस. त्याला सगळे ड्रेसवाले म्हणायचे. काम द्यायचं थांबलं तरी तो आमच्याकडे यायचा थांबला नव्हता, चाळीबाहेरचा तो एकटाच. दाराबाहेर उभा राहून बोलायचा, पण यायचा. मी त्याला दवाखान्याची अट सांगितली तर तो हसला. "एवढंच ना? अहो, माझ्या पेटीत मंगळसूत्रांचा ढीग पडलाय. रोज दोघी-तिघींची लग्नं लावतो मी. ताईंना एक झकास काढून देतो."

आतून आत्या ओरडली, "तोंड सांभाळून बोला!"

तो गेला. ती दोन दिवस माझ्याशीही बोलली नाही. मी रोज तेच म्हणत होते, आत्या, रंग आहे नुसता, मणी आहेत, कोण बघतंय. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मग एका दुपारी खोकल्याची मोठी उबळ आली, पदराला लाल डाग पडला. तो डाग तिने बराच वेळ बघितला. म्हणाली, "मला मरायचं नाहीये गं." एवढंच. मग म्हणाली, "आण त्याच्याकडून. पण चाळीत नको घालायला. वाटेत कुठेतरी घालू."

अशी आमची घाटकोपरची वारी सुरू झाली. आठवड्यातून दोनदा. अंधेरीहून कुर्ल्यापर्यंत बस, तिथून दुसरी. दवाखान्याच्या गल्लीच्या अलीकडे एक मारुतीचं देऊळ होतं, मागे विहीर. त्या विहिरीच्या कठड्याआड आम्ही थांबायचो. मी आरसा धरायची, ती कुंकू लावायची. पहिल्या दिवशी चंद्रकोर व्हायची ती कपाळभर पसरली आणि पुसून पुन्हा लावावी लागली. मंगळसूत्र मी तिच्या गळ्यात बांधलं. हिरव्या बांगड्या चढवल्या. ड्रेसवाल्याने हिरवं लुगडंही दिलं होतं, पण ते तिने नेसलं नाही. म्हणाली, "गरिबाघरची सवाष्ण जुन्या लुगड्यातही असते."

बाई खरंच सवाष्ण आहे का याची दवाखान्यात तपासणी म्हणून काही नव्हती. दारात एक वयस्कर बाई कुंकवाचा करंडा घेऊन बसायची आणि येणाऱ्या प्रत्येकीला हळदकुंकू लावून आत सोडायची. बस्स. नवरा कोण, कुठे असतो, कुणी विचारत नसे. ज्या बाईचं कपाळ मोकळं ती त्या करंड्यापुढे उभीच राहणार नाही, हे शेठला ठाऊक होतं. आपल्याकडची कुठली विधवा खोटं कुंकू लावून घेईल? असा विचारसुद्धा कुणाच्या मनाला शिवला नव्हता. आत्या त्या बाईपुढे वाकली. त्या बाईने कुंकू टेकवलं, हळद टेकवली, "जा बाय आत" म्हणाली. आत्या आत गेली आणि पुढच्या घटकेला जगातलं ते मोठं औषध तिच्या अंगात गेलं होतं.

परत येताना विहिरीपाशी थांबून ती पदर ओला करून कपाळ पुसायची. आठवड्यातून दोनदा तिचं लग्न लागायचं आणि दोनदा ती विधवा व्हायची. हे वाक्य माझं नाही, तिचंच आहे. बसमध्ये बसल्यावर एकदा ती हे म्हणाली आणि स्वतःच हसली.

औषध लागू पडलं. आधी ताप उतरला. मग भूक लागायला लागली. आवाजातली जरब परत आली, आणि भात मऊ झाला म्हणून तिने मला पूर्वीसारखं फैलावर घेतलं तेव्हा मी चुलीपुढे बसून आनंदाने रडले. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, असंच चालू राहिलं तर छाती साफ होईल, मात्र मध्येच सोडायचं नाही. अर्धं सोडलं तर रोग औषधालाच सरावतो आणि मग काही चालत नाही.

त्याच सुमाराला मला आणखी एक गोष्ट दिसू लागली. परतताना ती विहिरीपाशी थांबेनाशी झाली. "पुढे पुसते" म्हणायची. मग कुर्ल्याच्या बसथांब्यावर पुसायची. मग बसमध्ये. एकदा तर अंधेरीचा थांबा दिसू लागला तरी ती खिडकीतून बाहेर बघत बसली होती, आणि समोरच्या बाकावरची एक तरुण मुलगी तिला "वहिनी, तुम्ही कुठे उतरणार?" असं विचारत होती. आत्याला जन्मात कुणी वहिनी म्हटलं नव्हतं. तिने त्या मुलीला उत्तर दिलं, आणि उतरण्याआधी घाईघाईने कपाळ पुसलं. तिला काय हवं होतं ते मला कळत होतं आणि ते माझ्याकडे नव्हतं. मी तिची भाची, माझ्यासाठी तिने जन्म घालवला, पण मी तिला पुरेशी नव्हते. हे कळलं तेव्हा मला त्या दोन खोल्यांत फार एकटं वाटलं, आणि तिला तर ते कित्येक वर्षं वाटत आलेलं असणार.

पितृपक्षातली नवमी आली. अविधवा नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या बायकांच्या नावाने त्या दिवशी सवाष्ण जेवायला घालतात. शेठ त्या दिवशी दवाखान्यातल्या सगळ्या बायकांना बंगल्यावर जेवायला बोलवी. न जाणं शक्यच नव्हतं. आणि तिथे एक विचित्र प्रथा होती. श्राद्धाच्या दिवशी कोण कधी उखाणे घेतं? पण शेठच्या बायकोला उखाण्यांचं वेड होतं, म्हणून तिच्या दिवशी जेवणं झाल्यावर प्रत्येक सवाष्णीने नाव घ्यायचं असा त्याचा हट्ट होता. श्रीमंताच्या हट्टाला भटजीही शास्त्र शोधून देतात.

मी आधीच तयारी करून घेतली. आत्याला एक उखाणा पढवला, त्यात एक कुठलंही नाव घातलं, दहा घरांत सापडेल असं. तीनदा म्हणवून घेतला. म्हणताना ती अडखळत होती, पण म्हणत होती.

बंगल्याच्या मागच्या पडवीत पंगत बसली होती. बऱ्याच जणी अजून खोकत होत्या, पण सगळ्यांच्या अंगावर नव्या साड्या आणि गजरे. मी सोबतच्या बायकांत मागे उभी होते. शेठला मी तेव्हा पहिल्यांदा जवळून बघितलं. काटकुळा, काळासावळा म्हातारा, अंगात साधा सदरा. एवढ्या बायकांत तो एकटाच पुरुष. तो स्वतः तूप वाढत होता, आणि वाढताना प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत होता. त्याला कुणाचा तरी चेहरा शोधायचा असावा. मला त्या माणसाची कीव आली, हे खरं सांगते. घरात नोकरचाकर, सुना, नातवंडं सगळं होतं, आणि तो त्या पंगतीत तूप वाढत एकटाच फिरत होता.

जेवणं झाली. ओट्या भरल्या. नावं सुरू झाली. कुणी लाजत, कुणी धिटाईने, हशा पिकत होता. शेठ खांबाला टेकून डोळे मिटून ऐकत होता. आत्याची पाळी आली. ती उभी राहिली. मी मागून ओठ हलवून पहिली ओळ तिला दाखवत होते. तिने माझ्याकडे बघितलंच नाही.

"सुपारीच्या बागेला पाटाचं पाणी," ती म्हणाली. ही मी पढवलेली ओळ नव्हती. लहान मुलीला लग्नात सासरच्या उंबऱ्यावर पढवतात तसली ती ओळ होती. आणि तिने नाव घेतलं. खरं नाव. नुसतं नाव नव्हे, पुढे वडिलांचं नाव, आडनाव आणि गाव. स्वच्छ आवाजात, न अडखळता. मी इतकी वर्षं तिच्या कुशीत झोपत आले होते आणि माझ्या आतोबांचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. विधवेने नाव घ्यायचं नसतं, आणि तिला कुणी कधी घ्यायला सांगितलंही नव्हतं.

पुढच्या बायकांनी हसून माना डोलावल्या. पण दाराजवळ बसलेली करंडेवाली बाई हातातलं काम टाकून उठली. ती त्याच गावाकडची निघाली. "अगो बाय," ती म्हणाली, "ह्यां नाव तर आमच्या वाडीतल्या झिलाचां! तो तर तापाच्या साथीत गेलो मां? ल्हान होतो!" तिच्या बोलण्यात कपट नव्हतं. गावचं माणूस सापडल्याचा आनंदच होता तो. बोलून झाल्यावर तिला आपण काय बोललो ते कळलं आणि तिने तोंडावर हात ठेवला.

नाव घ्यायला उठू लागलेली पुढची बाई परत खाली बसली.

शेठने डोळे उघडले. तो आत्यासमोर आला. "खरां?" त्याने विचारलं.

"हो," आत्या म्हणाली.

तो खाली बसला, उष्ट्या पत्रावळींच्या बाजूला, जमिनीवर. ओरडला नाही. बायकोच्या नावाच्या पानावर विधवा जेवून उठली होती. त्याच्या लेखी सगळ्या वर्षाचं श्राद्ध गेलं होतं. सून पुढे झाली, तिला त्याने हातानेच थांबवलं. मग आत्याकडे वर बघून तो म्हणाला, "बाई, तुला काय हवं ते माग. रोज घरी दूध पोचवीन. फळं पाठवीन. गावाला हवेशीर घर देतो, जन्मभर राहा. पण ते औषध तिच्या नावाचं आहे. तो पण मोडला तर मी तिला काय तोंड दाखवू?"

"मला हवेशीर घर नको," आत्या म्हणाली. "मला जगायचंय."

शेठने हात जोडले. एवढ्या मोठ्या माणसाने हात जोडले की पुढे बोलायला जागाच राहत नाही. तो रडत होता, आणि त्याचं रडणं खोटं नव्हतं. त्याच्या मागच्या भिंतीला काचेचं कपाट नव्हतं, ते दवाखान्यात होतं, तीस-चाळीस पावलांवर. मला ते कपाट फोडावंसं वाटलं. अजूनही वाटतं.

परतीच्या बसमध्ये मी तिला विचारलं, "आत्या, मी पढवलेलं नाव का नाही घेतलंस? एवढं सगळं केलंस, मग तेवढंच का नाही?"

तिने हातातल्या हिरव्या बांगड्या मागे सारल्या. मग म्हणाली, "कुंकू बाजारात मिळतं. बांगड्या मिळतात. मंगळसूत्र त्या मेल्याच्या पेटीतलं होतं. परक्या पुरुषाला नवरा कसा म्हणू गं?" आणि थोड्या वेळाने, जरा रागानेच, "आणि आयुष्यात एकदा मला कुणी नाव घ्यायला सांगितलं. तेही खोटं घ्यायचं?"

त्या दिवशी तिने कपाळ पुसलं नाही. चाळीत आम्ही तशाच शिरलो. नळावरच्या बायका बघत राहिल्या. ती सरळ आत जाऊन अंथरुणावर पडली. सकाळपर्यंत घामाने कुंकू बरंचसं गेलं होतं, उरलेलं तिने तोंड धुताना धुतलं.

मी दवाखान्यातल्या डॉक्टरांना गाठलं, रस्त्यात. त्यांनी मान खाली घातली. "मी पगारी माणूस आहे," म्हणाले, "बाटली न् बाटली वर दाखवावी लागते." सरकारी इस्पितळात आमचा नंबर कुठे आहे ते विचारायला मी जायची, तिथला माणूस यादीवर बोट ठेवून पुढच्या महिन्यात या म्हणायचा. दिवाळीनंतर ताप परत आला. शेठकडून दूध मात्र यायचं. रोज सकाळी पितळी कासंडी घेऊन गडी येई, न चुकता. आत्या त्याला म्हणायची, "ठेव बाबा तिथे." कधी प्यायची, कधी मांजराला घालायची.

होळीच्या आधी ती गेली. दुपारची वेळ होती, मी शेजारी बसले होते. शेवटी तिने मला मशीनला तेल द्यायला सांगितलं, ते गंजेल म्हणून. शेजारच्या बायका दारापर्यंत आल्या, आत कुणी आलं नाही. ड्रेसवाले आत आले. त्यांनीच खांदा दिला आणि आणखी तिघे स्टुडिओतून बोलावून आणले. त्यानंतर त्या दोन खोल्यांत मी एकटी राहिले. संध्याकाळी कामावरून आले की कुलूप उघडायच्या आधी मी जरा थांबायची. आतून कुणी ओरडत नाहीये, याची सवय व्हायला फार काळ लागला, आणि झाली असं मला अजून म्हणता येत नाही.

शेठ वाईट माणूस होता का? मला कितीदा विचारलं गेलंय, आणि मी दर वेळी चिडते. त्याच्या दवाखान्यातून कितीतरी बायका उठून संसाराला लागल्या, त्यांची मुलं पोरकी झाली नाहीत. हे मी कोण नाकारणार? पण त्याच्या घरात जे मरण झालं त्याच्यावरच इलाज होता. बायकोऐवजी त्याची मुलगी गेली असती तर कुमारिकांना औषध मिळालं असतं. बायको गावच्या विहिरीत पडून गेली असती तर त्याने विहिरींना कठडे बांधले असते आणि आम्ही सगळ्या खोकत बसलो असतो. हल्ली वर्तमानपत्रात वाचते, जगातले मोठमोठे धनवंत आपल्या पैशातून लशी वाटतात, अमुक देशातला तमुक रोग संपवायचं ठरवतात. फोटोत हसरी पोरं असतात. वाटतात ते चांगलंच करतात. मी मात्र फोटोच्या कडेला कुणी उभं आहे का ते बघते, ज्याचा रोग त्यांच्या मनात भरला नाही. माणूस कितीही भला असला तरी माझा जीव त्याच्या मनात काय आहे यावर टांगलेला असावा, हे मला मान्य नाही. त्याचं मन मोठं असो की लहान.

पन्नासचं दशक संपत आलं तेव्हा मला खोकला सुरू झाला. मी तेव्हा एका कचेरीत टायपिस्ट होते, लग्न झालेलं नव्हतं, पुढेही झालं नाही. तीन आठवडे मी अंगावर काढलं. मग ताप येऊ लागला. मला वाटलं, झालं, आता आपली पाळी. सांगायला घरात कुणी नव्हतं. एका सकाळी मी अंधेरीच्या म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात गेले. भिंतीवर पोपडे, बाकावर माणसं दाटीवाटीने. रांगेत पुढे एक हमाल होता, मागे एक कोळीण, तिची पाटी दाराबाहेर ठेवलेली. तेव्हा ते औषध भरपूर यायला लागलं होतं आणि म्युनिसिपालिटीकडेही मिळायला लागलं होतं, हे मी ऐकून होते. विश्वास नव्हता.

छातीचा फोटो काढून झाला होता. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. पडद्याआड कंपाउंडर पिचकारी उकळत्या पाण्यातून काढत होता. त्याच्यापुढच्या टेबलावर त्याच त्या इवल्याशा बाटल्या होत्या, पांढऱ्या भुकटीच्या, एखाद्या दुकानात बटणं ठेवावीत तशा पुठ्ठ्याच्या खोक्यात. त्याने चिठ्ठी बघितली, एक बाटली उचलली, टोचलं, बोळा दाबून धरायला सांगितला. "परवा परत या," म्हणाला.

मी तशीच उभी राहिले. माझं मोकळं कपाळ त्याच्या डोळ्यांसमोर होतं, मोकळा गळा होता, आणि आता तो काहीतरी विचारेल म्हणून मी उत्तर जुळवत होते.

"काय बाई, झालं ना?" तो म्हणाला. "सरका ना पुढे, मागे लाइन आहे."